रक्त गाळण्याचा उपचार आणि त्याची कसोटी



शरीरात शिरणाऱ्या रोगजंतूंशी झुंजण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशी अहोरात्र करीत असतात. परंतु काही वेळा राखणदारच घरच्यांवर उलटतो. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या विकारात या पेशी मोठ्या आतड्याच्या अस्तरात गर्दी करतात. तेथे दाह होऊन व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त व आव जाऊ लागते.

या पेशी रक्तातूनच गाळून काढल्या तर? या विचारातून जपानमध्ये ‘ॲडाकॉलम’ हे उपकरण निर्माण झाले व २००० साली तेथील आरोग्य विम्यात या उपचाराचा समावेश झाला. रुग्णाच्या एका हाताच्या शिरेतून मिनिटाला ३० मिलिलिटर या गतीने रक्त बाहेर घेतले जाते. ते सेल्युलोज ॲसिटेटच्या २ मिलिमीटर व्यासाच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून जाते. दाहास कारणीभूत होणाऱ्या ठरावीक जातींच्या पांढऱ्या पेशी मण्यांना चिकटून राहतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत जाते. तासाभरात सुमारे १.८ लिटर रक्त असे गाळले जाते. दुष्परिणाम बहुधा डोकेदुखीसारखे सौम्य असतात.

युक्तिवाद मनास पटणारा आहे; पण पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. उत्तर अमेरिकेत काही रुग्णांवर खरा उपचार, तर काहींवर केवळ त्याचा देखावा करण्यात आला. कोणास काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खऱ्या उपचाराने १७ टक्के रुग्णांचा विकार शमला, देखाव्यानेही ११ टक्क्यांचा शमला! हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका अल्प ठरला. जपानमधील डॉक्टरांचा अनुभव अधिक आशादायक असल्याने तेथे हा उपचार चालू राहिला; अन्यत्र त्याचा प्रसार मर्यादितच राहिला.

हा विकार आपोआपही चढतो आणि उतरतो. म्हणूनच ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर कोणत्याही उपचाराची शिफारस करणे योग्य नव्हे. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशा शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आणखी एक विनंती. शौचावाटे आठवडेच्या आठवडे रक्त जात असेल, तर मूळव्याध किंवा साधी आव समजून घरगुती उपायांत कालहरण करू नये. अशा रुग्णास वेळीच डॉक्टरांकडे पाठवावे व गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यास विकार आटोक्यात ठेवणारी औषधे आज उपलब्ध आहेत.