'यू' आणि त्याचे सोबती

मराठीत आपण 'तू', 'तुम्ही', 'आपण' या सर्वनामांतून मान राखतो. इंग्रजीत मात्र लहानथोरांना एकच 'यू'. तेथील अदब बहुधा 'विल', 'वुड', 'मे' या साहाय्यक क्रियापदांवर सोपविलेली असते. 'यू विल कम टुमॉरो' हा हुकूम भासतो. 'वुड यू कम टुमॉरो?' ही विनंती होते. 'यू मे गो' म्हणणारा परवानगी देतो, 'मे आय गो?' म्हणणारा ती मागतो. आपल्या 'जाईन', 'जाशील' यांप्रमाणे ही रूपे पुरुषागणिक बदलत नाहीत. बदलतो तो भाव. 'आपण उद्या यावे' या आर्जवाचे 'यू शुड कम टुमॉरो' असे शब्दशः रूपांतर केले, तर समोरच्याला उपदेश ऐकू येतो आणि आपले सौजन्य मनातच राहते. इंग्रजी बोलताना 'यू'चा सोबती विचारपूर्वक निवडावा, हे बरे.