खुलासा करावा



'महामारीच्या काळातील विद्यार्थी-मार्गदर्शन' हा विषय मला दिला गेला आहे. मार्गदर्शन केले असे म्हणायला माझी जीभ अडखळते. काय केले आणि कुठे चुकले, तेवढे सांगते.

आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकाच्या वाट्याला वीस-बावीस विद्यार्थी दिलेले असतात. कागदोपत्री आम्ही त्यांचे 'मेंटर'. पूर्वी हे काम सत्राला दोन बैठका, सह्या आणि नॅकच्या समितीला दाखवायची फाइल एवढ्यात भागत असे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. फाइल कपाटात राहिली, कपाट कॉलेजात राहिले आणि माझ्या हाती उरले एकवीस फोन नंबर.

पावसाळ्यात ऑनलाइन तास सुरू झाले. सकाळी नऊचा माझा तास. पडद्यावर काळे चौकोन आणि त्यात नावे. सत्तरीतली एक मुलगी, मराठी विषय घेऊन दुसऱ्या वर्षाला, सलग तीन आठवडे त्या चौकोनांत दिसली नाही. मी तिला व्हॉट्सॲपवर संदेश धाडला : 'आपली उपस्थिती अपुरी आहे. दोन दिवसांत लेखी खुलासा करावा.' नोटिशीचा मसुदा तयारच होता, मी फक्त नाव घातले. उत्तर आले नाही. आठवड्याने तोच संदेश पुन्हा धाडला.

मग प्रवेश-अर्जावरचा वडिलांचा नंबर फिरवला. ते वाळपईला कामावर होते. २०१८ साली खाणी बंद पडल्या, त्यापूर्वी ते खनिजाच्या ट्रकावर होते. आता मिळेल ते काम करत होते. मुलगी कुठे आहे, असे विचारले तर म्हणाले, "ती दोंगरार गेल्या, मॅडम. मोबायल घेवन."

गावात रेंज नव्हती. डोंगराच्या एका कडेला, काजूच्या झाडापाशी ती मिळे. घरात स्मार्टफोन एकच. सकाळी तो धाकटा भाऊ नेई, कारण त्याचे दहावीचे वर्ष. ही दुपारी छत्री घेऊन चढे, मैत्रिणींनी पाठवलेल्या वह्यांचे फोटो उतरवून घेई आणि खाली येई. माझे दोन्ही संदेश तिने तिथेच, पावसात उभे राहून वाचले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याशी बोलणे झाले. कॉलेज सोडायचे तिने जवळजवळ ठरवलेच होते. मी विचारले, "अगं, एवढे सांगायचे तरी." ती म्हणाली, "मॅडम, खुलासा कसा लिहायचा तेच कळले नाही. माझे काय चुकले ते लिहायचे असते ना त्यात?"

मी साहित्यात पीएच.डी. केली आहे. निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो आणि कुठल्या सुरात, हे वर्षानुवर्षे वर्गात शिकवले आहे. आणि मराठी शिकणाऱ्या माझ्याच विद्यार्थिनीला मी अशा मराठीत लिहिले की ती आरोपी झाली. फोन कोणाचा आहे, रेंज कुठे मिळते, घरी सगळे बरे आहेत ना, हे तीन साधे प्रश्न मला आधी सुचले नव्हते. नंतर बाकीच्या वीस जणांना मी तेच विचारले. हजेरीचा विषय शेवटी, किंवा नाहीच.

तासांचीही सोय बदलली. दहा-दहा मिनिटांचे तुकडे माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवू लागले. व्हिडिओपेक्षा ते हलके, डोंगरावर लवकर उतरत. मग घरी रात्री ऐकायचे. माझ्या कवितेच्या तासात कुकरच्या शिट्ट्या आणि कावळे आहेत. मुलांना ते आवडले, असे पुढे कळले. मला आजही ऐकवत नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे हाल निराळे. परीक्षा होणार की नाही? ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले की सप्टेंबरअखेर घ्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला आणि परीक्षा कायम राहिल्या. मधल्या काळात रात्री अकरालाही फोन येत. "रद्द होणार, निर्धास्त राहा," असे सांगणारे शिक्षक होते. मुलांनी पुस्तके मिटली आणि मग पस्तावली. "मला माहीत नाही, कळले की पहिला फोन तुला," एवढेच मी म्हणत असे. शिक्षकाला हे वाक्य जड जाते.

मे २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याचे वडील कोविडने गेले. स्वाध्यायाला मुदतवाढ देते, असे सांगायला मी फोन केला. त्याला हवे होते वेगळेच. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकले होते, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज. व्यावहारिक मराठीच्या पेपरात अर्जलेखनाला त्याला चांगले गुण होते. तरी हात चालेना. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. मधेच फोन तुटला. तौक्ते वादळाने वीज गेली होती. तीन दिवसांनी पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्यांदा अर्ज वाचून दाखवला, मग रडला.

अकादमीकडे माझे एक मागणे आहे. कार्यशाळा आपण पुष्कळ घेतो. कॉलेजातून विद्यार्थ्यांना जाणाऱ्या सूचना, नोटिसा, स्मरणपत्रे माणसाने माणसाला लिहिल्यासारखी कशी लिहावीत, यावर एक छोटी पुस्तिका काढावी. मसुदे द्यायला मी तयार आहे. माझ्याकडचा वाईट नमुनाही देईन, तो फोनमध्ये जपून ठेवला आहे.

सत्तरीतली ती मुलगी पदवीधर झाली. एकविसातला एक मात्र परत आला नाही. टाळेबंदी सैल होताच तो वेर्ण्याला एका कारखान्यात लागला. तीनदा बोललो, तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, आता शिफ्ट आहे." पुढे तो नंबर बंद झाला. ग्रंथालयाचे एक पुस्तक अजून त्याच्या नावावर आहे. दंडाची नोटीस पाठवू का, असे ग्रंथपालांनी गेल्या महिन्यात विचारले. मी म्हटले, थांबा. त्याचे घर कुठे आहे ते मला माहीत आहे, येत्या रविवारी जाऊन येते.