महाविद्यालयाची मुलाखत आपणही घ्यावी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांशी हितगुज करण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. फिजिओथेरपी, म्हणजेच भौतिकोपचार, या शाखेची पदवी घेतल्यानंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी महाविद्यालय कसे निवडावे आणि मुलाखतीला कसे सामोरे जावे, हा विषय आपण मला दिला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात एम.पी.टीएच. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रवेश मुख्यतः राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेवर होतो. परीक्षा द्यायची, गुणवत्ता यादीत क्रमांक पाहायचा आणि पसंतीक्रम भरायचा. या मार्गात कोणी विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न विचारत नाही. काही अभिमत विद्यापीठे स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात व क्वचित मुलाखतही घेतात. परदेशी विद्यापीठांत मुलाखतीला बरेच महत्त्व असते. त्याविषयी मी पुढे बोलेन. परंतु आज मला मुख्यत्वे सांगायचे आहे ते निराळेच. महाविद्यालय आपली मुलाखत घेवो वा न घेवो, आपण महाविद्यालयाची मुलाखत घेतलीच पाहिजे.

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी परगावी शिकायला निघाली की घरात काही प्रश्न हमखास विचारले जातात. वसतिगृह कसे आहे? सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल काय? कंदमुळांशिवाय स्वयंपाक होतो काय? मलकापूर किंवा शेगावहून थेट गाडी आहे काय? हे प्रश्न योग्यच आहेत, आणि त्यांची उत्तरे आपण कसून मिळवितो. भोजनगृहाची चौकशी करणाऱ्या पालकाला मी पुष्कळदा पाहिले आहे. मात्र बाह्यरुग्ण विभागात दिवसाला किती रुग्ण येतात, हे विचारणारा पालक मला अद्याप फारसा भेटलेला नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी या शास्त्राचा थोडा इतिहास पाहावा लागेल. आपल्या देशात हे शिक्षण रुग्णालयाच्या कुशीतच जन्मले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० मध्ये श्रीमती कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली आणि १९५३ मध्ये तेथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा उभी राहिली. तो पोलिओचा काळ होता. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करण्याची विद्या त्या पिढीने वर्गातल्या फळ्यापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ अधिक आत्मसात केली. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पुढे पोलिओ हटला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. रुग्ण बदलले, आजार बदलले, पण हे शास्त्र हातानेच शिकावे लागते, ही गोष्ट बदलली नाही. ज्या महाविद्यालयात रुग्ण नाहीत, तेथे इमारत कितीही देखणी असली तरी विद्यार्थ्याचे हात रिकामे राहतात.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा, असे मला वाटते: आधी शाखा, मग रुग्णालय, मग मार्गदर्शक आणि सर्वांत शेवटी शहर. आपण बहुधा याच्या नेमका उलट क्रम लावतो. पुणे ठरते, नंतर महाविद्यालय ठरते आणि शाखा कोणती, तर जी मिळेल ती.

शाखांचा विचार आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात करून पाहा. स्नायू-अस्थी, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, क्रीडा, समाज-भौतिकोपचार अशा निरनिराळ्या शाखा आहेत, आणि प्रत्येक महाविद्यालयात सर्वच शाखा असतात असे नाही. कपाशीच्या हंगामात खांदा आणि कंबर धरून बसलेली मजूर भगिनी, गुडघा दुमडत नाही म्हणून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकासाठी खुर्ची मागणाऱ्या आपल्या आजी, हे स्नायू-अस्थी शाखेचे रुग्ण. पक्षाघातानंतर संग्रामपूर किंवा लोणारच्या एखाद्या खेड्यात खाटेवर पडून राहिलेला कर्ता पुरुष, हा मज्जासंस्था शाखेचा रुग्ण. त्याला पहिल्या काही महिन्यांत योग्य व्यायाम मिळाला तर तो पुष्कळदा आपल्या पायांवर अंगणापर्यंत येऊ शकतो. तो काळ हातचा गेला तर सुधारणा अवघड होत जाते. २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या साथीत श्वसनाच्या व्यायामाचे मोल घरोघरी कळले. ते हृदय-श्वसन शाखेचे क्षेत्र. यांपैकी कोणत्या रुग्णाजवळ आपले मन रमते, याचे उत्तर विद्यार्थ्याने आंतरवासितेच्या काळातच शोधावे. उत्तर सापडले नसेल तर एक-दोन वर्षे नोकरी करून मग पदव्युत्तर शिक्षणाकडे वळण्यात कोणताही कमीपणा नाही. पालकांनीही त्याला 'वर्ष वाया गेले' असे म्हणू नये.

शाखा ठरली की रुग्णालयाचा स्वभाव पाहावा. के.ई.एम.सारख्या सार्वजनिक रुग्णालयात सर्व प्रकारच्या रुग्णांची अखंड रीघ असते. पद्मविभूषण डॉ. कांतीलाल संचेती यांनी पुण्यात नावारूपाला आणलेल्या रुग्णालयाची ख्याती अस्थिरोगासाठी आहे. साहजिकच त्याच्याशी संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या दृष्टीस सांधे आणि हाडांचे रुग्ण अधिक पडणार. प्रवरेच्या परिसरातील लोणी किंवा वर्ध्याजवळील सावंगी येथील रुग्णालयांत ग्रामीण रुग्ण येतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील भौतिकोपचार केंद्र आपल्या विदर्भातलेच. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावण्याचा माझा हेतू नाही. आपल्या शाखेचा रुग्ण जेथे येतो, ते रुग्णालय आपले, एवढाच अर्थ घ्यावा.

आता प्रत्यक्ष मुलाखत. पसंतीक्रम भरण्यापूर्वी निदान दोन महाविद्यालये स्वतः पाहून यावीत. रविवारी किंवा सुटीच्या दिवशी जाऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी दहाला जाऊन बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर तासभर शांतपणे बसावे. रुग्ण किती येतात, त्यांना कोण तपासते, अध्यापक विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहतात की नुसती सही करतात, हे त्या तासात कळते. माहितीपत्रकातील छायाचित्रे हे सांगत नाहीत.

त्यानंतर नम्रपणे काही प्रश्न विचारावेत. रुग्णालय संस्थेचे स्वतःचे आहे की करार केलेले? अतिदक्षता विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्याला काम करू देतात काय? माझ्या शाखेचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण, आणि ते येथे किती वर्षांपासून आहेत? पदव्युत्तर विद्यार्थ्याचा दिवस रुग्णांजवळ जातो, की पदवीच्या मुलांची हजेरी घेण्यात? विद्यावेतन मिळते काय? प्रबंधाचा विषय विद्यार्थी निवडतो की त्याला दिला जातो? आणि शेवटचा प्रश्न: गेल्या तीन वर्षांत येथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत? शक्य झाल्यास त्यांतील दोघांशी परस्पर बोलावे. अध्यापकांच्या दालनात जे कळत नाही, ते वसतिगृहातील चहाच्या वेळी कळते.

माझ्या पाहण्यातील एका विद्यार्थिनीने केवळ नावावरून एक महाविद्यालय निवडले. प्रवेश झाल्यावर समजले, की ज्या अध्यापकांच्या हाताखाली शिकण्याची तिची इच्छा होती, ते काही महिन्यांपूर्वीच संस्था सोडून गेले होते. संकेतस्थळावर त्यांचे नाव तसेच होते. एका दूरध्वनीने जे कळले असते, त्याची किंमत तिला सबंध अभ्यासक्रमभर मोजावी लागली.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण व्यापारी समाज आहोत. दुकानात एक पोते घेतले तरी वजन करून घेतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. मंजूर शुल्क किती, हे तेथून पडताळून घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. शुल्काव्यतिरिक्त देणगी मागणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रवेश रद्द केल्यास रक्कम व मूळ कागदपत्रे कधी परत मिळतील, हे आधीच विचारावे. कर्ज काढणार असाल तर गणित मांडा. उदाहरणादाखल, सहा लाख रुपये दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे ठरविले तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,७५० रुपये होतो. त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांना पहिल्या नोकरीत काय मिळते, हा आकडा विचारून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. निर्णय घरातील सर्वांनी तो कागद पाहून करावा.

मान्यतेचा मुद्दाही दुर्लक्षू नये. महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाचे आहे, आपल्या शाखेच्या जागांना मान्यता आहे काय, हे पाहावे. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला आहे आणि २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रमही जाहीर झाला आहे. नियम बदलण्याचा हा काळ आहे. म्हणून मागील वर्षी शेजारच्या मुलाने काय केले, यावर विसंबू नका. त्या-त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रकच प्रमाण माना.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. अमेरिकेत या व्यवसायाचे प्रवेशद्वार म्हणजे साधारण तीन वर्षांची 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' ही पदवी. परंतु आपल्या पदवीधरांनी एक भेद ध्यानात ठेवावा. नावाने उच्च वाटणारी प्रत्येक पदवी तेथे व्यवसायाचा परवाना मिळवून देते असे नाही. आपल्या पदवीचे मूल्यमापन आणि परवाना परीक्षा हे टप्पे ओलांडावे लागतात. ब्रिटनमध्येही तेथील आरोग्य व्यवसाय परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. तेव्हा कोणत्याही परदेशी विद्यापीठाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की या अभ्यासक्रमानंतर मला परवान्याच्या मार्गात काय मिळेल? अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयांना किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जण परवाना परीक्षेत यशस्वी झाले आणि किती जणांना काम मिळाले, हे जाहीर करावे लागते. तेथे जे छापील मिळते, ते आपल्याकडे स्वतः जाऊन विचारावे लागते, एवढाच फरक.

तेथील मुलाखतीत 'हा व्यवसाय का निवडला?' हा प्रश्न बहुधा येतोच. 'मला लोकांची सेवा करायची आहे' हे उत्तर प्रत्येक जण देतो. त्यामुळे ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी एका रुग्णाविषयी, त्याचे नाव न सांगता, तीन वाक्ये बोला. तो आला तेव्हा त्याला काय करता येत नव्हते, मी काय केले, आणि तो गेला तेव्हा त्याला काय करता येऊ लागले. 'आजोबांना मांडी घालता येत नव्हती, त्यांना पंगतीत बसायचे होते' हे वाक्य साध्या इंग्रजीतही ऐकणाऱ्याच्या मनाला भिडते. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांनी इंग्रजीचे भय बाळगू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सरळ सांगावे. रुग्ण व्यायाम करण्यास नकार देतो, तेव्हा तुम्ही काय कराल, असे विचारले तर आधी त्याचे कारण विचारीन, असे म्हणणारा विद्यार्थी परीक्षकाला आवडतो, कारण उत्तम उपचारकाचे पहिले लक्षण ऐकून घेणे हेच आहे.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती करतो. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करता, शिष्यवृत्ती देता. हे कार्य स्तुत्य आहे. त्यात दोन लहान गोष्टींची भर घालावी. पदव्युत्तर प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला, विशेषतः मुलीला, एका पालकासह दोन महाविद्यालये पाहून येण्याचा प्रवासखर्च द्यावा. आणि समाजातील जी मुले-मुली बाहेर शिकून आली, त्यांच्या अनुभवाची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी: महाविद्यालय, शाखा, रुग्णसंख्या, शुल्क, मार्गदर्शक आणि मोकळा अभिप्राय. पुढच्या विद्यार्थ्याने ती वाचावी, परत आल्यावर आपली चार ओळींची भर घालावी. याला फार मोठा निधी लागणार नाही.

आपल्या परंपरेत वैयावृत्त्याला अंतरंग तपात स्थान दिले आहे. आजारी व अशक्त साधूंची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. भौतिकोपचाराचा व्यवसाय त्या भावनेच्या जवळचा आहे, असे मी मानतो. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; पुढील काळात जिल्ह्यात शस्त्रक्रिया वाढतील आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला चालते करणाऱ्या हातांची गरजही वाढेल. ते हात आपल्या घरांतून तयार व्हावेत. येत्या प्रवेशाच्या वेळी पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस काढा, गाडीत बसा आणि त्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर तासभर बसून या, एवढेच माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे.