‘शुअर’ म्हणण्यापूर्वी



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ‘शुअर’ हा इंग्रजी शब्द आपल्या तोंडी रुळला आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्युरस’. ‘से’ म्हणजे विना, ‘क्युरा’ म्हणजे काळजी. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता तो झिजला. कारखान्याच्या फाटकावरची ‘सिक्युरिटी’ ही त्याचीच बहीण. म्हणजे ‘शुअर’चा मूळ अर्थ निर्धास्त.

‘सर्टन’चे कूळ वेगळे. त्याच्या मुळाशी चाळणे, निवडणे हा अर्थ आहे. खडे काढल्यावर उरते ते निश्चित. ‘सर्टिफिकेट’ याच घराण्यातले. निश्चित करून देणारा कागद.

आता आपली ‘खातरजमा’ पाहा. अरबी ‘खातिर’ म्हणजे मन, ‘जमा’ म्हणजे एकत्र आलेले. शंकांनी विखुरलेले मन ठिकाणावर आले, की खातरजमा झाली.

विद्यार्थी मित्रांनो, वर्कशॉपमध्ये ‘माप बरोबर आहे ना?’ असे विचारल्यावर न मोजता ‘शुअर’ म्हणाल, तर तुम्ही निर्धास्त राहाल, पण हातातला जॉब रिजेक्ट होईल. व्हर्नियर लावा, पुन्हा वाचा, मग बोला.

पालकहो, ‘कोर्स केला की नोकरी शुअर’ असे कोणी सांगितले, तर फी भरण्यापूर्वी त्या कोर्सला सरकारमान्यता आहे का ते पाहा. पूर्वी शिकून गेलेल्या मुलांना विचारा.

आधी चाळणी, मग खातरजमा आणि शेवटी निर्धास्तपणा. हा क्रम उलटू देऊ नका, एवढीच विनंती.