खांद्याचें दुखणें : विश्रांति किती, हालचाल किती?

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील मोडनिंब गांवच्या परिसरांत बोर, डाळिंब आणि ऊंस यांची शेती आहे. बोरीचें झाड दर उन्हाळ्यांत छाटावें लागतें आणि थंडीच्या दिवसांत कांट्यांतून फळ काढावें लागतें. छाटणी असो, तोडणी असो, कीं उसाची मोळी वाहनांत चढविणें असो, हात घटकान् घटका खांद्याच्या वर राहतो. मग एके रात्रीं त्या कुशीवर निजतांना कळ येते, सकाळीं सदरा घालतांना हात अर्ध्यावर अडतो, आणि मजुरापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो उद्यांच्या रोजीचा. शहरांतहि उंच फळीवरचे डबे काढणारी गृहिणी किंवा फळ्यावर लिहिणारा शिक्षक यांना हें दुखणें अपरिचित नाहीं.

याचें मर्म खांद्याच्या रचनेंत आहे. खालीं दंडाच्या हाडाचें वाटोळें डोकें आणि वर फऱ्याच्या हाडाचें छपरासारखें टोंक, यांमधील चिंचोळ्या जागेंतून हात उचलणाऱ्या स्नायूची दोरी जाते. तिच्यावर एक पातळ पिशवी असून तींत किंचित् बुळबुळीत द्रव असतो. गाडीच्या आंसाला जसें वंगण, तशी ही पिशवी. डॉक्टर तिला बर्सा म्हणतात. ती वारंवार चेपून सुजली म्हणजे बर्सायटिस झाला. पुष्कळदां दोरीहि सोबत दुखावलेली असते. हात बाजूनें वर नेतांना सुमारें ६० ते १२० अंशांच्या दरम्यान वेदना अधिक होते, ही याची ठळक खूण होय.

अशा वेळीं लोक दोन टोंकें गांठतात. कोणी हात आठवडेच्या आठवडे झोळींत बांधून ठेवतो. त्यानें खांदा आखडतो. कोणी जोरानें चोळून घेतो, तर कोणी डागहि देववितो; त्यानें सूज शमत नाहीं, उलट कातडी मात्र भाजते.

खरा मार्ग मधला आहे. पहिले कांहीं दिवस हात खांद्याच्या वर नेण्याचें व ओझें उचलण्याचें काम टाळावें. इतर हलकी हालचाल चालूं ठेवावी. बर्फ फडक्यांत गुंडाळून १५ मिनिटें शेकावें. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्या, कारण त्यांपैकीं कित्येक पोटास व मूत्रपिंडास बाधतात.

कळ ओसरूं लागतांच लंबकाचा व्यायाम करावा. निरोगी हात मेजावर टेकून पुढें वांकावें, दुखरा हात सैल सोडावा आणि त्याला हळूहळू झोके द्यावे. बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनीं १९३४ सालीं खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. या व्यायामास आजहि त्यांचें नांव आहे. पुढें भिंतीवर बोटें चढवीत हात वर न्यावा आणि शेवटीं स्नायूंना बळ देणारे व्यायाम शिकून घ्यावे. गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. धीर सोडूं नये. स्टेरॉइडच्या सुईनें कांहीं काळ आराम पडतो, परंतु ती वरचेवर घेणें हितावह नव्हे. शस्त्रक्रियेची घाईहि नको: जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया व केवळ नांवाची शस्त्रक्रिया यांची ब्रिटनमधील तुलना २०१८ सालीं प्रसिद्ध झाली, तींत रुग्णांच्या दृष्टीनें म्हणण्याजोगा फरक दिसला नाहीं.

प्रत्येक खांदेदुखी ही नव्हे. दुसऱ्यानें उचलूनहि हात वर जात नसेल तर तो आखडलेला खांदा असूं शकतो; मधुमेह्यांत तो अधिक आढळतो. ताप, लाली व गरम सूज असल्यास, किंवा पडल्यावर हात उचलेनासा झाल्यास, त्वरित डॉक्टर गांठावा. छातींत दाटून घाम सुटला आणि खांदा दुखूं लागला, तर क्षणाचाहि विलंब न करितां रुग्णालयांत जावें.

ज्याचें पोट हातावर आहे त्याला नुसतें "विश्रांति घे" म्हणणें सोपें, पण निरुपयोगी होय. शिडी घेऊन फांदी छातीच्या उंचीवर आणणें, वरचें व खालचें काम आळीपाळीनें करणें, मोळी दोघांनीं मिळून उचलणें, हे उपाय बागेंत शक्य आहेत. घरांत रोजचे डबे खालच्या फळीवर आणणें त्याहून सोपें. मुकादम, बागमालक आणि घरचीं माणसें यांनीं एवढी सोय करून दिली, तर दुखरा हात बरा होईपर्यंत घरची चूलहि बंद पडणार नाहीं.