अनोळखी संगणकाची पत



वाणी उधारीवर माल देतो तो स्वतःच्या वहीत बघून. गिऱ्हाइकानं आपली वही आपणच लिहून आणली, तर त्याला कुणी किलोभर साखरही देणार नाही. पण २००१ साली सुरू झालेल्या ‘काझा’ या फाइल-वाटपाच्या जाळ्यात हीच चूक झाली. कोण किती वाटतो याचे गुण ज्याच्या त्याच्या संगणकावरच ठेवले होते. लोकांनी प्रोग्रॅममध्ये फेरफार केला आणि काहीही न वाटता पूर्ण १००० गुण मिरवले.

अशा जाळ्यात मधे कुणी मालक नसतो. प्रत्येक संगणक देणाराही आणि घेणाराही. मग अनोळखी संगणकावर विश्वास टाकायचा कशाच्या बळावर?

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्येच आणलेल्या ‘बिटटोरंट’चं उत्तर मला फार आवडतं. तिथे फाइलचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा, त्यातल्या मजकुरावरून काढलेला वीस बाइटांचा ठसा आधीच ‘टोरंट’ नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. तुकडा हाती आला की आपला संगणक त्याचा ठसा नव्यानं काढतो. जुळला नाही तर तुकडा फेकून देतो. देणारा कोण, हे विचारावंच लागत नाही. वाटपाचा हिशेबही रोखीचा: जो मला देतो, त्याला मी देतो. दर दहा सेकंदांनी हा हिशेब पुन्हा होतो.

पण नुकताच आलेला, हातात एकही तुकडा नसलेला, तो काय देणार? त्याच्यासाठी घेणाऱ्यांमध्ये एक जागा राखलेली असते. दर तीस सेकंदांनी, त्यानं काय दिलं हे न बघता, कुणाला तरी ती मिळते. आणि नवख्याची पाळी येण्याची शक्यता तिप्पट ठेवतात.

इतरांच्या शिफारशींवर पत ठरवण्याचेही प्रयत्न झाले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘आयगनट्रस्ट’मध्ये ज्याची पत मोठी, त्याच्या मताला वजन जास्त. पण एकच माणूस हजार खोटी नावं घेऊन स्वतःचीच शिफारस करू लागला तर? ओळख तपासणारं कुणी नसेल तर हे पुरतं रोखता येत नाही, असं जॉन डूसर यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं. ‘आयगनट्रस्ट’लाही सुरुवातीला काही खात्रीचे संगणक गृहीत धरावे लागले.

आपल्याकडची तरुण मुलंमुली आज अशी जाळी बांधताहेत. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: शिफारशी जपून घ्या, आलेला माल स्वतः तपासा, आणि नवख्यासाठी ते तीस सेकंद राखून ठेवा.