रस्त्याचा कर कोणाच्या खांद्यावर?

(एकलहरे येथे वाहतूक कामगार व पक्षकार्यकर्ते यांच्यासमोर केलेले भाषण)



एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा रेल्वेने येतो, आणि त्याची राख मालमोटारींत भरून सिमेंटच्या व विटांच्या कारखान्यांकडे जाते. निफाड-लासलगावचा कांदाही मालमोटारीने उत्तरेकडे जातो. तेव्हा मालमोटारीवर कर किती असावा व तो कोणाकडून घ्यावा, हा केवळ मोटारमालकांच्या संघटनेचा प्रश्न आहे असे समजून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

रस्त्यासाठी एकाच गाडीकडून किती वेळा पैसा घेतला जातो ते पाहा. पहिला राज्याचा वाहनकर. दुसरे राष्ट्रीय परवान्याचे शुल्क. तिसरा डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे द्यावा लागणारा रस्ते उपकर. चौथा टोल: पुण्याकडे निघालात तर शिंदे-पळसे, मुंबईकडे घोटी, धुळ्याकडे पिंपळगाव बसवंत.

या करांमागे मुळात एक तत्त्व होते. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून ते उत्पन्न रस्त्यांसाठी राखून ठेवण्याची शिफारस केली, आणि १९२९ साली रस्ते निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत आणि ते रस्त्यावरच खर्च व्हावेत, असा हा सरळ व्यवहार होता. १८७५ च्या कायद्याने चालत आलेला नाक्यांवरचा पथकर मोटारींपुरता उठवून त्याऐवजी वाहनकर घ्यावा, हाच मुंबई राज्याच्या वाहनकरामागील विचार होता. पुढे १९५८ च्या वाहनकर कायद्यात दुरुस्ती करून खाजगी भांडवलाने बांधलेल्या रस्त्यांसाठी टोलला वाट करून देण्यात आली. ज्याच्या बदल्यात वाहनकर आला तो पथकर परत आला. वाहनकर मात्र गेला नाही.

परवान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना सुरू झाली, तरी ज्या राज्यांतून जायचे त्यांचे शुल्क स्वतंत्र भरावे लागे. मे २०१० पासून देशभरासाठी एकच वार्षिक शुल्क ठरले. ते पुढे १६,५०० रुपये झाले. सीमेवरचा जाच यामुळे कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. पण ही रक्कम ठोक आहे. महिन्याकाठी दोन खेपा मिळणाऱ्या एका गाडीच्या मालकाला आणि अहोरात्र धावणाऱ्या बड्या कंपनीच्या गाडीला ती सारखीच.

मग मालमोटारीला करच नको, असे आपण म्हणावे काय? मुळीच नाही. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून दिसून आले. आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. सव्वापट झाला तरी जवळजवळ अडीचपट. जड गाडीने जास्त कर द्यावा हे न्यायाचेच आहे. प्रश्न आहे तो देणारा नेमका कोण, हा.

एकदोन गाड्यांचा मालक माल मिळविण्यासाठी दलालाच्या दारात उभा असतो. भाडे तो ठरवीत नाही; माल पाठविणारा ठरवितो. कर, परवाना, टोल आणि कर्जाचा हप्ता यांतून उरत काहीच नाही, म्हणून तो दोन मार्गांनी भरपाई करतो: गाडीत जादा माल भरतो आणि चालकाला जादा तास जागवितो. रस्ता खचतो तो पहिल्याने, माणसे मरतात ती दुसऱ्याने.

कायदा काय करतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. तो गाडी चालविणाऱ्यावर आहे, तसाच ती चालवावयास लावणाऱ्यावरही आहे. पण वजनकाट्यावर सापडतो तो चालक. ज्याच्या गोदामात गाडी भरली गेली तो तेथे नसतोच. कामाच्या तासांविषयी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होत असे. २०२० च्या संहितेत ती मर्यादा दहावर नेली गेली. दोन गाड्यांचा चालक पूर्वीही बाहेर होता; आता सातआठ कामगारांच्या धंद्यातलाही बाहेर पडला.

सवलती कोणाला मिळाल्या तेही पाहा. १ जून २०१५ पासून राज्यातील १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी, जीपगाड्या व एसटीला सूट मिळाली. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलकी वाहने मुक्त झाली. एसटीची सूट योग्यच होती. पण खाजगी मोटारीतून जाणाऱ्याचा टोल गेला आणि कांद्याच्या गाडीचा राहिला. व्यापारी तो टोल स्वतःच्या नफ्यातून देत नाही. बाजारसमितीत शेतकऱ्याच्या भावातून आणि शहरात गिऱ्हाइकाच्या पिशवीतून तो वसूल होतो.

कोल्हापूरकरांनी प्रा. एन. डी. पाटील व कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लढून शहरातील टोल हटविला, ही आपल्या चळवळीची मोठी कमाई आहे. तिचा दुसरा धडाही विसरू नये. कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतूनच झाली. नाका उठविणे ही लढ्याची सुरुवात होय. करार कोणी, कोणत्या अटींवर केला, हे विचारल्याखेरीज तो पुरा होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या चार असाव्यात. एक, ठोक शुल्काऐवजी भार आणि अंतर यांवर कर बसवावा. दोन, जादा भाराचा दंड प्रथम माल भरणाऱ्याकडून घ्यावा. वीज केंद्र, साखर कारखाना वा सिमेंट कंपनी यांच्या दारातील काट्याची पावती हाच पुरावा मानावा. तीन, प्रत्येक नाक्याचा बांधणीखर्च, वसुली व मुदत त्या नाक्यावरच मराठीत लावावी, आणि खर्च फिटताच नाका उठवावा. चार, कामाच्या तासांचा कायदा एका गाडीच्या चालकालाही लागू करावा.

यांतील दुसऱ्या मागणीसाठी मुंबईला जाण्याची गरज नाही. राखेच्या गाड्या ज्या दारातून बाहेर पडतात ते येथेच, एकलहऱ्यात आहे. तेथील काट्याची पावती प्रत्येक चालकाने मागावी व जपून ठेवावी. गाडी भरतो कोण आणि दंड भरतो कोण, हे त्या कागदांवरून सिद्ध करण्याचे काम कार्यकर्त्यांनी या महिन्यापासूनच हाती घ्यावे.